तबस्सुमचं वासरू

तबस्सुम मणियार आमच्या दवाखान्यात लागली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि मी पंचावन्नचा. जळगावातल्या त्या छातीच्या दवाखान्यात मी एकोणीस वर्षं केसपेपर काढत होतो. माझं नाव अभिमन, मूळचा भडगावचा. दवाखान्यात सगळे नाना म्हणायचे. तिच्याबद्दल सांगायचं तर थोडं माझ्याबद्दलही सांगावं लागेल, आणि ते काही मला शोभणारं नाही.

ती पाचोऱ्याची. वडील अय्युबभाई यांचं बांगड्यांचं छोटं दुकान. मुलीने जळगावला येऊन बीसीए केलं. मोबाइलवरचे गेम बनवायचे हा तिचा नाद होता, पण त्या नादावर जळगावात कोण नोकरी देणार? आमचे डॉक्टर अखिल सर, त्यांना फुंकायच्या मशीनवर बसायला कॉम्प्युटर येणारं माणूस हवं होतं, म्हणून ती आमच्याकडे आली. रोज सकाळच्या गाडीने पाचोऱ्याहून यायची, संध्याकाळच्या गाडीने परत जायची.

फुंकायचं मशीन हे पेशंटांनी दिलेलं नाव. नाकाला चिमटा लावायचा, तोंडात पुठ्ठ्याची नळी धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि तो एका दमात, जोरात, फुफ्फुस पार रिकामं होईपर्यंत सोडायचा. मशीन मग आकडा देतं. या वयाच्या, या उंचीच्या माणसाचा श्वास जितक्या वेगाने बाहेर पडायला हवा, त्याच्या किती टक्के पडला, तो हा आकडा. ऐंशीच्या वर असला की ठीक, साठच्या खाली गेला की काळजी. मोठी माणसं दोन-तीन वेळा चुकून शेवटी शिकतात. लहान मुलांचं मात्र अवघड. मुलं नळी चावतात, रडतात, वाढदिवसाची मेणबत्ती विझवल्यासारखं फू करून थांबतात. वच्छलाबाई म्हणून आमच्या जुन्या सिस्टर होत्या. त्या मुलाचं डोकं मागून घट्ट धरायच्या आणि कानाशी 'फुंक, फुंक, फुंक' असं ओरडायच्या. बरीच मुलं ओकायची. एका मुलीची खुर्चीतच चड्डी ओली झाली तर वच्छलाबाईंनी तिच्याच फ्रॉकने तिला खुर्ची पुसायला लावली. तिची आई समोर उभी होती, ती काही बोलली नाही. आम्हीही कोणी बोललो नाही. तबस्सुमने मात्र त्या मुलीच्या हातातून फ्रॉक काढून घेतला, स्वतःची ओढणी तिला गुंडाळली आणि खुर्ची स्वतः पुसली. त्या दिवशी ती पाचोऱ्याला बिनओढणीची गेली.

त्यानंतर ती मुलांना नीट फुंकायला लावणारा गेम बनवायच्या मागे लागली. सरांना कुठल्याशा कंपनीने डोळ्यांवर लावायचा व्हीआरचा चष्मा भेट दिला होता, तो कपाटात धूळ खात पडला होता. चष्मा लावला की दवाखाना दिसेनासा होतो, चहूकडे दुसरंच जग दिसतं. तिने तो मागून घेतला. चार महिने गाडीत, दुपारच्या सुट्टीत आणि रविवारी घरी बसून ती काम करत होती. मशीनमध्ये गेलेला श्वास चष्म्यातल्या चित्राला हलवील अशी जोडणी तिने केली.

पहिल्या खेळात एक म्हैस होती. मुलाने फुंकलं की म्हैस चारही पाय वर करून आकाशात उडायची. मुलं इतकी हसायची की नळी तोंडातून पडायची. हसता हसता फुंकता येत नाही हे तिला तेव्हा कळलं. मग तिने म्हैस काढली आणि वासरू आणलं. जिनिंगमध्ये असतो तसा कापसाचा मोठा ढीग, त्याखाली वासरू झोपलंय, फक्त कान दिसतोय. पहिल्या जोराच्या फुंकरीने ढीग उडतो. पण कापसाचे पुंजके पाठीवर, पापण्यांवर चिकटून राहतात. श्वास चालू ठेवला तरच ते एकेक सुटतात, आणि शेवटचा सुटला की वासरू उठून उभं राहतं, मुलाकडे बघतं. मुलाला तेच हवं असतं. त्यासाठी ते छातीतला शेवटचा श्वाससुद्धा बाहेर काढतं.

पहिल्याच आठवड्यात चौदातल्या बारा मुलांनी नीट फुंकलं. अखिल सर खुर्चीतून उठून बघायला आले. मी त्यांना कधी कुणाचं कौतुक करताना ऐकलं नव्हतं, त्या दिवशी ते म्हणाले, "तुम्ही वेगळंच काहीतरी केलंय, मॅडम."

मग शेहजाद आला. सात वर्षांचा, दम्याने पार खंगलेला. त्याची फुंकर पोहोचेना. ढीग अर्धा उडायचा आणि वासरू तसंच पडून राहायचं. तबस्सुमने पुरे म्हटलं तरी तो नळी सोडीना. अकरा वेळा फुंकलं त्याने. ओठ निळे पडले तेव्हा सरांनी चष्मा ओढून काढला. धापा टाकत त्याने एवढंच विचारलं, "मेलं का ते?"

तबस्सुम दोन दिवस कामावर आली नाही. आली तेव्हा तिने खेळ बदलला होता. आता मुलाने आपल्या ताकदीप्रमाणे मनापासून फुंकलं की वासरू उठायचंच. कमजोर मुलाचंही उठायचं. वर पाच तारे चमकायचे. खरा आकडा वेगळा, फक्त डॉक्टरांच्या लॅपटॉपवर. तिने लॅपटॉपला कागद चिकटवला: 'तारे म्हणजे मुलाने नीट फुंकलं, एवढंच. फुफ्फुस कसं आहे ते फक्त आकड्यावरून बघावं.' तो कागद मी रोज बघत होतो.

मोहनलालशेठ नावाचे एक व्यापारी सरांचे जुने पेशंट. त्यांनी आईच्या, जतनबाईंच्या नावाने ट्रस्ट काढला होता. दोंडाईच्याच्या शाळांतल्या मुलांची फुफ्फुसं तपासायची असं त्यांच्या मनाने घेतलं. दोंडाईचा मिरचीचं गाव. हंगामात मोकळ्या मैदानांवर मिरची वाळत घालतात, त्यांना पथारी म्हणतात. शेकडो बाया तिथे बसून देठ खुडतात, पोरंही आयांबरोबर असतात. खोकला तिथे घरोघरी. शेठचा विचार चांगलाच होता. ऑगस्टमध्ये दोन दिवसांचं शिबिर ठरलं. मुलं तीनशे बारा.

पहिल्या दिवशी नव्वदच झाली. दुसऱ्या दिवशी चार वाजता समारंभ होता. पाहुणे, हार, फोटो, सगळं ठरलेलं. दुपारी बारापर्यंत निम्मी मुलंही उरकली नव्हती. एकेका मुलाने तीनदा फुंकायचं, आकडा बघायचा, वहीत उतरवायचा, कमी आला तर मुलाला बाजूला बसवून तपासायचं, यात वेळ जात होता. अखिल सर माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, एकदाच फुंकायला लावा आणि नाना, तुम्ही वहीत तारे लिहा. आकडे मशीनमध्ये आहेतच, जळगावला गेल्यावर बघू.

तबस्सुम उठून आली. "सर, ताऱ्यांना काही अर्थ नाही. ते सगळ्यांनाच मिळतात."

"कार्डावर छापायला अर्थ लागत नाही," सर म्हणाले.

ट्रस्टने कार्डं आधीच छापून आणली होती. त्यांच्यावर हसरं वासरू, खाली 'माझ्या फुफ्फुसांची ताकद' आणि रंगवायला पाच रिकामे तारे. तबस्सुम पुन्हा काहीतरी बोलणार होती, पण रांगेतल्या पोरांनी गलका केला होता. सरांनी तिला तिकडे चष्मा लावायला पाठवलं. मी वहीत पाच, पाच, पाच लिहीत गेलो. वच्छलाबाई शेजारी बसून स्केचपेनने तारे पिवळे करत होत्या. चारच्या आत सगळी मुलं उरकली. फोटोत मीही आहे.

जळगावला आल्यावर आकडे कोणी बघितले नाहीत. तबस्सुमने सरांना दोनदा आठवण केली. सर तेव्हा या गेमवरचा पेपर वाचायला जयपूरला निघाले होते, आल्यावर बसू म्हणाले. नंतर दिवाळी आली, थंडीतली गर्दी आली. लॅपटॉप तिच्याच टेबलावर असायचा. तिला वेळ काढून बघता आलं असतं. हे मी तिच्यावर ढकलायला म्हणत नाही. पुढे ती स्वतःच हे कुणालाही सांगायची, विचारलं नाही तरी.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी दोंडाईच्याहून सुंदरबाई नावाची बाई पॅसेंजरने आली. सोबत भाऊ होता. तिच्या हातात ते कार्ड होतं. ती भांडायला आली नव्हती. माझ्या खिडकीशी उभी राहून तिने हळू आवाजात विचारलं की ज्या बाईंनी हे दिलं त्या कुठे बसतात.

तिची मुलगी मोहिनी, नऊ वर्षांची, चौथीत. दोन वर्षांपासून दम्याचा पंप चालू होता. पंपाची सवय लागते, पोरगी पुढे लग्नाला अडते, असं शेजारणी सांगायच्याच. शिबिरात पाच तारे मिळाले, तेव्हा पोरगी बरी झाली असं सुंदरबाईला वाटलं. तिने पंप बंद केला. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर बरे गेले. जानेवारीत पथाऱ्या भरल्या. एका सकाळी मोहिनीला दम लागला. धुळ्याला नेताना ती चिमठाण्याच्या अलीकडे रिक्षातच गेली.

हे सगळं तिने मशीनच्या खोलीत सांगितलं. अखिल सर दारात येऊन उभे होते, मी त्यांच्या मागे. सांगून झाल्यावर तिने कार्ड टेबलावर ठेवलं. "बाई, मन्ही पोरले पाच तारा भेटनात. मंग ती कसी मरनी?"

तबस्सुम काही बोलायच्या आत सर म्हणाले, "हा गेम या मॅडमनी बनवलाय. यातलं त्यांनाच माहीत." आणि ते आपल्या केबिनमध्ये निघून गेले.

तिथे मी होतो. वही माझ्याच कपाटात होती. मी दाराची कडी नीट बसते का ते बघत राहिलो.

तबस्सुमने लॅपटॉप उघडला. मोहिनीचं नाव सापडायला मिनिटभर लागलं. बेचाळीस टक्के. तिला खोटं बोलता आलं असतं. त्या दिवशी आकडा चांगला होता, दम नंतर वाढला, असं म्हटलं असतं तर त्या बाईला काय कळणार होतं? ती म्हणाली, "तारे फुफ्फुसाचे नव्हते, मावशी. खरा आकडा हा आहे. तो तेव्हाच वाईट होता. सहा महिने इथेच पडून होता. आम्ही बघितला नाही."

सुंदरबाईने पडद्याकडे बघितलं. तिला वाचता येत नव्हतं. मग ती बोलली, आणि आवाज तेवढाच हळू होता. मोहिनीने घरी येऊन धाकट्या बहिणीला सांगितलं होतं की फुंकलं की झोपलेलं वासरू उठतं. मोहिनीला घरी आणून ठेवलं तेव्हा धाकटी तिच्या उशाशी बसून तिच्या तोंडावर फुंकत होती. कोणी उठवलं तरी संध्याकाळपर्यंत उठेना. "सांजलोंग फुकत बशेल व्हती," सुंदरबाई म्हणाली. भावाने तिला दंडाला धरून उठवलं आणि दोघं गाडीला गेली. कार्ड टेबलावरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी तबस्सुमने तीनशे बाराही आकडे वाचले. साठच्या खाली सतरा निघाले, त्यांतली एक मोहिनी. उरलेल्या सोळा मुलांना ताबडतोब कळवायला हवं म्हणून ती सरांकडे गेली. सर म्हणाले की ट्रस्टशी बोलून पत्र पाठवू, फोन कोणी करायचा नाही. सोळांना कळवलं तर तीनशे दारात येऊन उभे राहतील. आठवडा गेला, पत्र निघालं नाही. तबस्सुमने सोळा नावं, शाळा आणि गावं एका कागदावर उतरवून घेतली आणि रजेचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवून गेली.

तोवर दोंडाईच्याकडे व्हॉट्सॅपवर तिचा फोटो फिरू लागला होता. शिबिराच्या समारंभातलाच, बाकीचे सगळे कापून टाकलेला. खाली तिचं पूर्ण नाव आणि 'हिच्या गेमने आमची पोर मारली'. सुंदरबाईने तो टाकला नव्हता, तिच्याकडे साधा फोन होता. ते नाव वाचल्यावर लोकांनी पुढे काय काय जोडलं ते इथे सांगत नाही. पाचोऱ्यात वर्षानुवर्षं अय्युबभाईंकडे बांगड्या भरणाऱ्या काही बाया त्यांच्यापुढे हात करेनात.

ती आईला, अकबरीबींना, सोबत घेऊन गावोगाव फिरली. अनोळखी बाई पोरांची नावं विचारत फिरते म्हटल्यावर लोक आधी हाकलायचे आणि ओळखल्यावर जास्तच. शिंदखेड्याजवळच्या एका गावात तिला भर उन्हात ओट्याखाली उभं करून, पोरगी कशी मारली ते मोठ्याने सांगायला लावलं. तिने सांगितलं. आकडा काय, तारे काय, सगळं पहिल्यापासून. मधे कोणीतरी म्हणालं की ही शिकवून पाठवलेली आहे, आणि अकबरीबी पुढे झाल्या तर त्यांच्या थोबाडीत बसली. त्यांचा चष्मा फुटला. त्या गावात यादीतली दोन मुलं होती. दुसऱ्या दिवशी दोघी परत त्याच गावात गेल्या. त्यातल्या एका मुलाच्या आजोबांनी शेवटी दार उघडलं.

महिन्याभरात सोळांपैकी अकरा मुलं धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात तपासली गेली आणि त्यांचे पंप सुरू झाले. दोन कुटुंबं सुरतेला गेली होती, त्यांचा पत्ता लागला नाही. दोघांनी शेवटपर्यंत दार उघडलं नाही. हे मला अकबरीबींनी नंतर सांगितलं, तेव्हा मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं.

रजेवरून ती परत आली तेव्हा तिच्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली होती. अखिल सरांनी पोलिसांत तक्रार दिली होती: दवाखान्यातून पेशंटांची खाजगी माहिती चोरून नेली आणि संस्थेची बदनामी केली. चौकशीला मला बोलावलं. मला कोणी धमकावलं नाही, कसलं आमिष दाखवलं नाही. जाण्याआधी सर एवढंच म्हणाले, "नाना, तुम्हाला नीट आठवतंय ना?"

मी जबाब लिहून दिला की वहीत तारे लिहिण्याचा आदेश डॉक्टरांनी दिलेला नव्हता. नोंदी तबस्सुम मॅडमच्या सांगण्यावरून केल्या. हवालदाराने वाचून दाखवलं, मी सही केली. सही चांगली आली. वही त्याच आठवड्यात रद्दीत गेली. ती मीच बांधून दिली.

गेम आजही आमच्याकडे चालतो. तारे काढून टाकले आहेत, सुरुवातीला दवाखान्याचं आणि सरांचं नाव येतं. खेळ खरोखर चांगला आहे. मुलं रडत नाहीत, वच्छलाबाईंना ओरडावं लागत नाही, दुसऱ्या शहरांतले डॉक्टर बघायला येतात. बनवला कोणी असं एकाने विचारलं तेव्हा सर म्हणाले, आमच्या टीमने.

तबस्सुम आता धुळ्यात असते. एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. केस जळगावच्या कोर्टात आहे, तारखा पडतात. मागच्या तारखेला मला साक्षीला बोलावलं होतं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो, ती येऊन त्याच बाकावर बसली. दुसरीकडे जागा नव्हती. वाळली होती. माझा जबाब तिच्या वकिलाकडे होता, म्हणजे तिने तो वाचलेला होता. ती काहीतरी बोलेल म्हणून मी उत्तर जुळवत होतो. माझं वय झालं, मला तेव्हा सुचलं नाही, असं काहीतरी.

तिने पर्समधून घड्यांवर झिजलेला एक कागद काढला. म्हणाली, "नाना, एक विचारायचं होतं. दोंडाईच्याची कशिश म्हणून मुलगी आहे, आठ वर्षांची. तिचे वडील धुळ्याला यायला तयार नव्हते. जळगावलाच दाखवतो म्हणाले होते, तुमच्याकडे. ज्यांचा पत्ता लागला त्यांतली ती एकच राहिलीय, जिचं पुढे काय झालं ते मला नक्की कळलं नाही. आले होते का ते?"

ते आले होते. एप्रिलमध्ये, मुलीला खांद्यावर घेऊन. त्या यादीतलं कोणी आलं तर आधी विचारा, असं सरांनी मला सांगून ठेवलं होतं. मी आत जाऊन विचारलं, सरांनी नुसती नकाराची मान हलवली. मी खिडकीशी येऊन त्या माणसाला सांगितलं की आज नंबर संपले, सोमवारी या. सोमवारी तो आला नाही.

"नाही," मी म्हणालो. "नाही आले."

तिने पेन काढलं आणि कशिशच्या नावापुढे छोटीशी खूण केली. "मग उद्या मीच जाऊन येते," ती म्हणाली. तेवढ्यात शिपायाने केसचा पुकारा केला आणि ती उठून आत गेली.